युआन श्वांग : झाडांचीही नोंद ठेवणारा प्रवासी



उन्हाळ्यात बाजारात पीच येतात. माझ्या वर्गातल्या एका मुलीने पीच खाऊन त्याची कोय शाळेच्या परसबागेत पुरली. रोज पाणी घातलं, पण काहीच उगवलं नाही. मग तिने विचारलं, की हे झाड मुळात कुठलं? याचं उत्तर शोधताना इतिहासाच्या पुस्तकातला एक ओळखीचा माणूस भेटला.

युआन श्वांग यांचा जन्म चीनमध्ये इ.स. 602 च्या सुमारास झाला. वडील लवकर वारले. मोठा भाऊ भिक्खू होता, त्याच्यामागोमाग तेही लहान वयातच मठात गेले. बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांत त्यांना मेळ लागेना, म्हणून मूळ ग्रंथ वाचायला भारतात यायचं त्यांनी ठरवलं. तेव्हा देशाबाहेर जायला बंदी होती. इ.स. 629 च्या सुमारास ते गुपचूप निघाले. वाळवंटात जवळचं पाणी सांडलं. ते मागे फिरले, पण थोडं अंतर गेल्यावर पुन्हा पश्चिमेकडे वळले आणि कित्येक दिवस पाण्याविना चालले.

भारतात ते नालंदा इथे शिकले आणि देशभर फिरले. जिथे जातील तिथली माती, हवा, पिकं आणि माणसं यांची माहिती ते घेत. पीच, जर्दाळू, द्राक्षं अशी फळझाडं काश्मीरकडून इकडे आली, असं त्यांनी नोंदवलं आहे. पंजाबातल्या चिनापती नावाच्या प्रदेशात त्यांना एक हकिकत कळली. सम्राट कनिष्काच्या काळी चीनकडून आलेले ओलीस तिथे हिवाळ्यात राहत. पीच आणि नाशपाती त्यांनीच आणली, म्हणून लोक पीचला चिनानी आणि नाशपातीला चिनराजपुत्र म्हणत. ही लोकांनी सांगितलेली गोष्ट आहे, पण पीच मूळचं चीनचं हे आजचं वनस्पतिशास्त्रही मानतं.

सुमारे 641 मध्ये ते महाराष्ट्रात आले. तेव्हा इथे चालुक्य राजा दुसरा पुलकेशी राज्य करत होता. इथली जमीन सुपीक, लोक मानी आणि उपकार न विसरणारे, अशी नोंद त्यांनी केली.

645 मध्ये ते 657 ग्रंथ घेऊन मायदेशी परतले. पुढच्याच वर्षी प्रवासवर्णन तयार झालं. उरलेलं आयुष्य त्यांनी भाषांतरात घालवलं. 664 मध्ये त्यांचं निधन झालं.

आता आपल्या कोयीकडे येऊ. पीचची बी रुजायला आधी दोन-तीन महिने ओलसर गारवा लागतो. झाडाला फुलं यायलाही हिवाळ्याची थंडी हवी. पंजाबच्या मैदानात कमी थंडीवर येणाऱ्या जाती लावतात. कोल्हापूरच्या हवेत साध्या जातीला फळ धरणं अवघडच. तरी त्या मुलीने दुसरी कोय ओल्या वाळूत घालून फ्रीजमध्ये ठेवली आहे. वहीत तारीखही लिहिली आहे.

उपक्रम : मुलांना घरच्या एका झाडाची माहिती लिहायला सांगा. ते कोणी लावलं, रोप कुठून आणलं आणि ते मूळचं कुठलं? पेरू, भुईमूग आणि आपल्या तांबड्या रश्श्यातली मिरचीसुद्धा अमेरिका खंडातून आली, हे कळल्यावर मुलं चकित होतात. पण ते रोप अंगणात कोणी लावलं, हे पुस्तकात सापडत नाही. ते आजीला आजच विचारायला हवं.