परशुराम कृष्ण गोडे : उल्लेखांच्या आधारे कालनिर्णय

इ. स. १८९१ मध्ये थिओडोर आउफ्रेख्ट या जर्मन पंडिताच्या ‘कॅटलॉगस कॅटलॉगोरम’ या बृहत्सूचीचा पहिला खंड लाइपझिग येथे प्रसिद्ध झाला. ठिकठिकाणच्या हस्तलिखित-संग्रहांच्या याद्या एकत्र करून संस्कृत ग्रंथ व ग्रंथकार यांची अकारविल्हे नोंद करणारा हा पहिलाच मोठा प्रयत्न होता. त्याच वर्षी रत्नागिरी जिल्ह्यातील देवरूख येथे परशुराम कृष्ण गोडे यांचा जन्म झाला. हा निव्वळ योगायोग होय. तथापि पुढे चार दशके ज्या अभ्यासकाने आउफ्रेख्टच्या सूचीतील मोघम नोंदींना काळ, स्थळ आणि कुलवृत्तान्त मिळवून दिला, त्याच्या चरित्राचा आरंभ या योगायोगापासून करणे अनुचित ठरू नये.

मुंबई विद्यापीठाची एम. ए. पदवी संपादन केलेले गोडे १९१९ मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्यूरेटर झाले आणि १९६१ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच पदावर राहिले. संस्थेची स्थापना १९१७ ची. डेक्कन कॉलेजात असलेला सरकारी हस्तलिखितांचा संग्रह १९१८ मध्ये तिच्या स्वाधीन झाला होता. गोडे आले त्याच वर्षी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या कार्याला प्रारंभ झाला. त्या महाकार्याचे श्रेय न्यायतः विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे जाते. गोडे यांच्या वाट्याला आली ती संग्रहाची राखण, पोथ्यांची देवघेव, पत्रव्यवहार आणि वर्णनात्मक सूचींचे काम. अलंकार, संगीत व नाट्य, काव्य आणि नाटक या विभागांच्या सूची त्यांनी सिद्ध केल्या. अशा सूचींचा उपयोग सर्वजण करतात. सूचिकाराचे नाव मात्र क्वचितच कोणी घेतो. आपल्या पदाची ही मर्यादा गोडे यांनी संशोधनाचे साधन बनविली. सूची करताना प्रत्येक पोथी हातावेगळी करण्यापूर्वी ते तिच्यातील अन्य ग्रंथांचे व ग्रंथकारांचे उल्लेख टिपून घेत. या टिपणांतूनच त्यांचे पुढील सारे लेखन उभे राहिले.

संस्कृत वाङ्मयाच्या इतिहासातील मुख्य अडचण कालाची आहे. ग्रंथकार आपला काळ सहसा सांगत नाहीत. परंतु पूर्वसूरींची नावे घेतात, त्यांची वचने उद्धृत करतात, त्यांचे खंडनही करतात. एखादा लेखक ज्याचा उल्लेख करतो त्याच्या नंतरचा तो असलाच पाहिजे. आणि जो त्याचा उल्लेख करतो त्याच्या पूर्वीचा, निदान त्याचा समकालीन, असला पाहिजे. यांपैकी एका सीमेवर सनवार दिलेली पोथी सापडली तर संदिग्ध शतके गळून पडतात आणि पाच-दहा दशकांचा निश्चित पट्टा उरतो. हे तत्त्व गोडे यांनी शोधले असे नव्हे. ते रा. गो. भांडारकरांच्या पिढीपासून रूढ होते. पण शेकडो दुर्लक्षित ग्रंथकारांच्या बाबतीत सातत्याने आणि सावधपणे ते राबवणारा त्यांच्यासारखा दुसरा संशोधक दाखविणे कठीण आहे. त्यांच्या निबंधांच्या शीर्षकांत एकच वर्ष क्वचित आढळते. बहुधा दोन वर्षांमधील अवधी असतो. पुरावा जेवढे बोलेल तेवढेच बोलायचे, ही शिस्त त्या शीर्षकांतूनच दिसते.

या पद्धतीची फळे महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष मोलाची ठरली. ‘भारतभावदीप’ या महाभारत-टीकेचा कर्ता नीलकंठ चतुर्धर याचे घराणे गोदातीरावरील कोपरगावचे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात काशीत वावरलेल्या या पंडिताची वंशावळ आणि त्याचे वंशज यांचा मागोवा गोडे यांनी घेतला. शाहजहानाच्या दरबारात मान पावलेला आणि यात्रेकरूंवरील कर रद्द करवून घेणारा संन्यासी कवींद्राचार्य सरस्वती हाही मूळचा गोदातीरचा. फ्रेंच प्रवासी बर्निए याच्या वृत्तान्तात निनावी असलेला काशीचा पंडित म्हणजे हाच कवींद्राचार्य होय, असे गोडे यांनी प्रतिपादिले. ‘भोजनकुतूहल’कार रघुनाथ नवहस्त आणि तंजावरची राणी दीपाबाई यांचा संबंधही त्यांनीच उजेडात आणला. दक्षिणेतून काशीला आणि काशीहून निरनिराळ्या दरबारांत गेलेल्या पंडितांचा एक मोठा प्रवाह या सुट्या निबंधांतून हळूहळू दृग्गोचर होतो.

त्या प्रवाहाची एक शाखा जयपूरला पोहोचली होती. फाळणीनंतर निर्वासितांच्या वस्तीने गजबजलेल्या राजा पार्कच्या परिसरातून उत्तरेला निघून जुनी तटबंदी ओलांडली, की ब्रह्मपुरी लागते. सवाई जयसिंगाने वसविलेल्या या ब्राह्मणवस्तीत पौंडरीकांची हवेली आजही उभी आहे. १७१३ मध्ये ‘जयसिंहकल्पद्रुम’ हा धर्मशास्त्रावरील ग्रंथ रचणारा रत्नाकर पौंडरीक आणि युक्लिडची भूमिती संस्कृतात आणणारा जगन्नाथ सम्राट हे दोघेही महाराष्ट्रीय होते. याच जयसिंगाने अश्वमेध केला अशी परंपरा होती. पण अठराव्या शतकात असा यज्ञ झाला असेल, यावर सहजासहजी कोणी विश्वास ठेवीना. गोडे यांनी १९३७ मध्ये या प्रश्नावर लेख प्रसिद्ध केले. जयसिंगाचा पुत्र ईश्वरीसिंग याच्या पदरी असलेल्या कृष्णकवीच्या ‘ईश्वरविलास’ या काव्याची पोथी त्यांच्या संग्रहात होती आणि तीत त्या यज्ञाचे वर्णन होते. समकालीन कवीचे हे वर्णन त्यांनी इतर उल्लेखांशी ताडून पाहिले. पुढे १९५८ मध्ये राजस्थान पुरातन ग्रंथमालेतून हे काव्य मुद्रितरूपाने उपलब्ध झाले. यज्ञाच्या स्वरूपाविषयीचा वाद त्यामुळे संपला असे नव्हे. मात्र त्याची चर्चा आख्यायिकेऐवजी कागदपत्रांच्या आधारे होऊ लागली.

पुढे गोडे यांनी हीच दृष्टी माणसांवरून वस्तूंवर वळविली. नथ, तांबूल, चष्मा, कागद, शाई, सुगंधी द्रव्ये, दारूकाम, झोपाळा यांतील कोणती वस्तू वाङ्मयात केव्हा दिसू लागते, याची ते नोंद करीत. प्राचीन संस्कृत वाङ्मयात व शिल्पात नथ आढळत नाही, यावरून तो अलंकार तुलनेने उत्तरकालीन आहे असा निष्कर्ष त्यांनी काढला. विजयनगरचे व्यासराय स्वामी उपनेत्र लावून ग्रंथ वाचीत असल्याचे वर्णन ‘व्यासयोगिचरिता’त आहे; चष्म्याच्या भारतीय इतिहासात त्या उल्लेखाचे महत्त्व गोडे यांनी दाखवून दिले. या विवेचनातील दुबळा दुवा उघड आहे. अनुल्लेख म्हणजे अभाव नव्हे. जी वस्तू घरोघरी असते तिची कवी दखल घेतोच असे नाही. नवा पुरावा मिळताच जुन्या लेखाला पुरवणी जोडण्याची त्यांची सवय पाहता, ही मर्यादा त्यांच्या ध्यानात होती असे मानावयास हरकत नाही.

गोडे यांच्या लेखांची संख्या चारशेहून अधिक आहे. बहुतेक इंग्रजीत, काही मराठीत असलेले हे लेख देशभरातील नियतकालिकांत आणि गौरवग्रंथांत विखुरलेले होते. दुसऱ्यांच्या ग्रंथांची नोंद ठेवणाऱ्या या गृहस्थाने आपल्या लेखांची सूचीही हयातीतच छापविली होती. तिच्यात आत्मगौरव पाहणे सोपे आहे. पण विखुरलेले लेखन सूचीवाचून कसे हरवते, हे सूचिकाराइतके कोणाला ठाऊक असणार? ‘स्टडीज इन इंडियन लिटररी हिस्टरी’चे तीन खंड १९५३ ते १९५६ या काळात निघाले. सांस्कृतिक इतिहासावरील निबंधांचे तीन खंड १९६० पासून निघू लागले आणि त्यांतील तिसरा त्यांच्या निधनानंतर, १९६९ मध्ये, प्रकाशित झाला. एकसंध असा मोठा ग्रंथ मात्र त्यांनी लिहिला नाही. सुकथनकरांचे लेख संपादून त्यांनी स्मारकग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. वामन शिवराम आपटे यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशाची सुधारून वाढविलेली आवृत्ती त्यांनी चिं. ग. कर्वे यांच्यासह १९५७ ते १९५९ मध्ये पार पाडली. त्या आवृत्तीचा हवाला देणारे आजही ‘आपटे’ असेच लिहितात.

मे १९६१ मध्ये गोडे निवर्तले. त्याच वर्षाच्या विज्ञानविषयक नियतकालिकांतील तळटीपा गोळा करून यूजीन गारफील्ड यांनी अमेरिकेत पहिली ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ सिद्ध केली. ती १९६३ मध्ये बाहेर पडली. ६१३ नियतकालिके आणि सुमारे १४ लाख उल्लेख तीत होते. कला व मानव्यविद्यांसाठीची तशी सूची १९७८ मध्ये आली. कोणी कोणाचा उल्लेख केला, ही गोडे यांनी हाताने टिपलेली गोष्ट आता यंत्राने मोजली जाऊ लागली. २००५ पासून तर ‘एच-इंडेक्स’ नावाच्या एका अंकात अभ्यासकाची योग्यता सांगितली जाते. दोन्हींतील कच्चा माल एकच असला तरी प्रयोजन भिन्न आहे. गोडे यांच्या लेखी उल्लेख हा साक्षीदार होता. तो कोठे आला, कोणत्या पोथीत आला, स्तुतीसाठी आला की खंडनासाठी, हे तपासल्यावाचून ते त्याची साक्ष ग्राह्य धरीत नसत. गणनेत सर्व उल्लेखांचे मोल सारखेच ठरते आणि ज्या नियतकालिकाची नोंदच घेतली गेली नाही, त्यातील उल्लेख तर जणू झालेच नाहीत असे होते. पुण्या-मद्रासच्या अल्पायुषी नियतकालिकांत प्रकाशित झालेले, सूचीत दडलेले आणि आपट्यांच्या नावाखाली गेलेले गोडे यांचे कार्य अशा मापनातून बव्हंशी निसटून जाते.

तरीही उत्तरमध्ययुगीन संस्कृत ग्रंथकारांविषयी लिहिणारा अभ्यासक आजही नावापुढील कंसात दोन वर्षे घालतो, तेव्हा ती वर्षे पुष्कळदा गोडे यांनी निश्चित केलेली असतात. ती इतकी सर्वमान्य झाली आहेत, की त्यांचा आधार देण्याची गरज कोणास भासत नाही. आउफ्रेख्टने ज्या नावांपुढे जागा मोकळी सोडली होती ती गोडे यांनी भरली. त्या जागा कोणी भरल्या याची नोंद कोणत्याही अंकात सापडत नाही. ती शोधण्यासाठी उल्लेखांच्या मागे मागे जाण्याची गोडे यांचीच वाट धरावी लागते.