झाकीर साहेबांची पीएचडी आणि मुलांचा मदरसा

अलीकडे आपल्या घरांतूनही पीएचडी करणारी मुलं-मुली दिसू लागली आहेत, अल्हमदुलिल्लाह. नावापुढे डॉक्टर लागलं की मोहल्ल्यात मिठाई वाटली जाते, मशिदीबाहेर लोक वालिदांना मुबारकबाद देतात. मग पहिला सवाल येतो तो नोकरीचा. पगार किती, कायम की कंत्राटी? प्रबंध कशावर होता आणि त्याचा आपल्या गल्लीतल्या पोरांना काय फायदा झाला, हे सहसा कोणी विचारत नाही. शंभर वर्षांपूर्वी बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आलेल्या एका तरुणाने मात्र हा सवाल स्वतःलाच घातला होता. पुढे तो देशाचा राष्ट्रपती झाला. आपल्याकडे डॉ. झाकीर हुसेन म्हटलं की तेवढंच आठवतं, टपाल तिकिटावरचा चेहरा आणि राष्ट्रपती भवन. त्याआधीची बावीस वर्षं जास्त मोलाची आहेत, असं मला वाटतं.

त्यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबादेत झाला. घराणं आफ्रिदी पठाणांचं, मूळ गाव उत्तर प्रदेशातल्या फर्रुखाबाद जिल्ह्यातलं कायमगंज. वालिद फिदा हुसेन खान हैदराबादेत वकिली करायचे. झाकीर दहा वर्षांचे असताना वालिदांचा इंतकाल झाला आणि १९११ मध्ये प्लेगने आईही गेली. इटाव्याच्या इस्लामिया हायस्कूलच्या वसतिगृहात राहून शिकलेला हा पोरका मुलगा पुढे अलीगढच्या एमएओ कॉलेजात गेला.

ऑक्टोबर १९२० मध्ये गांधीजी आणि अली बंधू अलीगढला आले. सरकारी मदतीवर चालणारं शिक्षण सोडा, अशी हाक त्यांनी दिली. झाकीर तेव्हा एमए आणि कायद्याचा अभ्यास करत होते, जोडीला कॉलेजात थोडं शिकवतही होते. करिअर म्हणतात ते समोर तयार होतं. ते सोडून ते बाहेर पडले. २९ ऑक्टोबर १९२० रोजी शेखुल हिंद मौलाना महमूद हसन यांच्या हस्ते जामिया मिल्लिया इस्लामियाची पायाभरणी झाली. संस्थेकडे तेव्हा इमारत नव्हती, अलीगढमध्ये वर्ग तंबूत भरायचे.

१९२२ मध्ये ते जर्मनीला गेले. बर्लिन विद्यापीठात वर्नर झोम्बार्ट या नामवंत अर्थतज्ज्ञाच्या हाताखाली त्यांनी प्रबंध लिहिला. विषय होता ब्रिटिश हिंदुस्थानातली शेतजमिनीची व्यवस्था. १९२६ मध्ये डॉक्टरेट मिळाली. परदेशी बसून त्यांनी आपल्याच खेड्यांचा अभ्यास केला होता, हे विसरून चालणार नाही. याच काळात बर्लिनच्या काविआनी छापखान्यात त्यांनी गालिबचा दिवान छापून घेतला. त्यासाठी टाइप जुळवण्याचं काम शिकून काही मजकुराचे खिळे स्वतः लावले, असं सांगतात. हाताने काम करण्याची त्यांना लाज नव्हती. म्युनिकचे शिक्षणतज्ज्ञ केर्शेनस्टायनर यांचा विचारही त्यांना तिथेच भेटला. मूल पुस्तक घोकून घडत नाही, कामातून घडतं, हे त्या विचाराचं सार. डिग्री अर्थशास्त्राची मिळाली खरी, पण जर्मनीहून त्यांनी आणलेली खरी पुंजी शाळेविषयीची होती.

इकडे जामिया मरणपंथाला लागली होती. खिलाफत चळवळ थंडावली, पैसा आटला, संस्था बंद करून टाकावी अशी चर्चा सुरू झाली. ते कळल्यावर झाकीर साहेबांनी निरोप धाडला की बंद करू नका, आम्ही काही मित्र येतो आहोत. हकीम अजमल खान आणि डॉ. अन्सारी १९२५ मध्ये व्हिएन्नाला आले, तेव्हा त्यांनाही हाच शब्द दिला. मित्र म्हणजे दोघे. ऑक्सफर्डला शिकलेले मुहम्मद मुजीब आणि बर्लिनमध्येच शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट केलेले आबिद हुसेन. फेब्रुवारी १९२६ मध्ये तिघे परतले. हकीम साहेबांनी जामिया तोवर दिल्लीत करोलबागेत हलवली होती. २९ वर्षांचे झाकीर हुसेन तिचे शेखुल जामिया, म्हणजे कुलगुरू झाले.

कुलगुरू म्हटलं की डोळ्यांपुढे गाडी आणि शिपाई येतात. इथे भाड्याची घरं, मूठभर विद्यार्थी आणि उधारी होती. डिसेंबर १९२७ मध्ये हकीम साहेब वारले, तेव्हा पैशाचा शेवटचा आधारही गेला. त्यावर तोडगा निघाला तो असा: शिक्षकांनी स्वतःचीच एक अंजुमन केली आणि २० वर्षं जामियाची खिदमत करू, महिना १५० रुपयांपेक्षा जास्त घेणार नाही, अशी शपथ घेतली. झाकीर साहेब त्याहून बरंच कमी घ्यायचे, आणि तेही कित्येकदा महिनोन्महिने हातात पडत नसे. दुसरीकडे ‘हमदर्दान-ए-जामिया’ नावाने छोट्या छोट्या वर्गणीदारांची साखळी उभी केली. बड्या सेठ लोकांकडून आणि संस्थानिकांकडूनही मदत घेतली, पण ज्यांच्या पोरांसाठी संस्था आहे त्यांचा रुपया-दोन रुपये त्यात असला पाहिजे, हा आग्रह होता.

आता खरी गोष्ट. बर्लिनचा डॉक्टर, तीन-चार भाषा जाणणारा, अफलातूनच्या ‘रिपब्लिक’चा उर्दू तर्जुमा करणारा माणूस. त्याने लक्ष कुठे घातलं, तर प्राथमिक शाळेत. कॉलेजचे वर्ग चालू होतेच, पण त्यांचा जीव लहान मुलांच्या मदरशात होता. अब्दुल गफ्फार मुधोळी नावाचे एक हाडाचे शिक्षक त्यांना मिळाले. पंजाबात मोगा इथे जाऊन ते प्रकल्प पद्धत शिकून आले आणि जामियातल्या मुलांनी स्वतःची बँक आणि दुकान चालवायला घेतलं. हिशेब पाटीवरचा राहिला नाही, गल्ल्यातला झाला. आज शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांत ‘क्षेत्रीय उपयोजन’ वगैरे जे मोठे शब्द येतात, त्यांचा अर्थ त्या पोरांच्या दुकानात दिसत होता. १ मार्च १९३५ रोजी ओखल्याला नव्या इमारतीची कोनशिला बसवायची होती. ती बसवली शाळेतल्या सगळ्यात लहान मुलाने, अब्दुल अझीझने. पाहुणे मंडळी बाजूला उभी होती.

बर्लिनमध्ये ओळख झालेली गेर्डा फिलिप्सबोर्न ही ज्यू बाई १९३३ च्या सुमारास जामियात आली आणि लहान मुलांच्या वसतिगृहाची जबाबदारी तिने घेतली. पोरं तिला आपाजान म्हणायची. महायुद्धात जर्मन नागरिक म्हणून इंग्रजांनी तिला नजरकैदेतही ठेवलं. १९४३ मध्ये ती वारली. तिची कबर जामियाच्या कब्रस्तानातच आहे.

पोरं बूट साफ ठेवत नाहीत म्हणून शेखुल जामिया एक दिवस ब्रश आणि पॉलिश घेऊन फाटकात बसले, हा किस्सा अनेकांनी ऐकला असेल. दुसरा ऐकवत नाही. प्राथमिक शाळेच्या एका जलशात ते मुलांना मिठाई वाटत होते. शिपायाने कानात येऊन सांगितलं की त्यांची धाकटी मुलगी रेहाना गेली. ते मिठाई वाटत राहिले. घरून पुन्हा बोलावणं आलं तेव्हा इतरांना कळलं. मुलांच्या आनंदात कसा खंड पाडायचा, असं त्यांना वाटलं होतं. पुढे मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टी त्यांनी रुकय्या रेहाना या नावाने छापल्या. उर्दू माध्यमात शिकलेल्या अनेकांना ‘अब्बू खान की बकरी’ आठवत असेल. ती यांचीच. मुंबईत जे. जे. हॉस्पिटलजवळच्या मकतबा जामियाच्या दुकानातून अशी पुस्तकं आपल्याकडच्या कितीतरी घरांत पोचली.

महाराष्ट्राशी त्यांचा संबंध आला तो वर्ध्यामुळे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. मुलांना एखाद्या हस्तोद्योगातून शिकवावं आणि त्यातून शाळेचा खर्चही निघावा, ही गांधीजींची कल्पना होती. झाकीर साहेब उठले आणि अदबीने पण स्पष्टपणे म्हणाले की कामातून शिक्षण ही गोष्ट शिक्षणाच्या जगात नवी नाही. शाळेच्या खर्चावर भर दिला तर मास्तर पोरांकडून मजुरी करून घेतील, ही भीतीही त्यांनी बोलून दाखवली. दहा-बारा वर्षं वर्गात घालवलेला माणूस बोलत होता. गांधीजींनी टीका करणाऱ्यालाच समितीचं अध्यक्ष केलं. विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मशरूवाला, जे. सी. कुमारप्पा, ख्वाजा गुलामुस सय्यदैन अशी माणसं समितीत होती. २ डिसेंबरला, म्हणजे सहा आठवड्यांच्या आत अहवाल तयार होता.

७ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला सात वर्षं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, तेही मातृभाषेत. साडेपाच तासांच्या दिवसातले तीन तास वीस मिनिटं कताई-विणकाम, सुतारकाम, शेती अशा एखाद्या उद्योगाला. आणि हा उद्योग वेगळा विषय नव्हे, गणित, समाजशास्त्र, विज्ञान त्यातूनच उलगडायचं. कमाईच्या नादात शिक्षणाचा बळी जाऊ नये, हा इशारा अहवालातच लिहिलेला आहे. खेड्याच्या जमिनीवर प्रबंध लिहिणाऱ्याला खेड्याची शाळा कशी असावी हे लिहायला मिळालं, असंही म्हणता येईल. पुढच्या वर्षी सेवाग्रामला हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला आणि अध्यक्षपद झाकीर साहेबांकडेच आलं.

पण ज्या कौमसाठी ते राबत होते, त्याच कौममधून सगळ्यात कडवा विरोध झाला. योजनेत दीनी तालीम का नाही, हा मुस्लिम लीगचा सवाल होता. १९३८ च्या पीरपूर अहवालात वर्धा योजनेवर टीका आली. त्याच वेळी मध्य प्रांताच्या सरकारने नागपुरातून आपली शाळांची योजना काढली आणि तिला ‘विद्या मंदिर’ हे नाव दिलं. त्यावरून विदर्भातले मुसलमान आणखी बिथरले. दोन्ही योजना लोकांच्या मनात एक झाल्या. विरोध करणारे सगळे मूर्ख नव्हते, त्यांची शंका साधी होती: आमच्या मुलांचा दीन आणि आमची जबान यात टिकेल का? पण गंमत अशी की हे विचारलं जात होतं अशा माणसाला, ज्याच्या स्वतःच्या शाळेत मुसलमान मुलांना इस्लामियात हा विषय लागतच होता.

झाकीर साहेब भाषणबाजीत पडले नाहीत. १९३८ मध्येच जामियात ‘उस्तादों का मदरसा’ सुरू झाला, कारण शिक्षक तयार नसतील तर योजना कागदावरच राहणार. शफीकुर रहमान किदवाईंनी त्याच वर्षी प्रौढांसाठी ‘तालीम-ओ-तरक्की’चं काम उभं केलं. दिवसभर काम करून आलेली माणसं तिथे अक्षरं शिकायची.

नोव्हेंबर १९४६ मध्ये जामियाचा रौप्यमहोत्सव झाला. देश पेटला होता, तरी त्यांनी नेहरू, आझाद, जिना आणि लियाकत अली यांना एका मंचावर बसवलं आणि त्यांच्या तोंडावर विनवलं की ही आग विझवा, आम्ही ज्या मुलांना घडवतो आहोत ती यात होरपळतील. आग विझली नाही. ऑगस्ट १९४७ मध्ये जालंधर स्टेशनवर जमावाने त्यांनाच घेरलं. एका शीख लष्करी अधिकाऱ्याने आणि एका हिंदू रेल्वे अधिकाऱ्याने जीव वाचवला. करोलबागेतला जामियाचा पुस्तकांचा साठा लुटला, जाळला गेला. भाऊ महमूद हुसेन पाकिस्तानात गेले, कराचीत मलीरला त्यांनीही एक जामिया मिल्लिया काढली. झाकीर साहेब इथेच राहिले.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १९४८ ते ५६ अलीगढचे कुलगुरू, मग बिहारचे राज्यपाल, १९६२ ला उपराष्ट्रपती, १९६३ ला भारतरत्न, १९६७ ला राष्ट्रपती. मला त्यातली एकच गोष्ट इथे नोंदवायची आहे. स्वातंत्र्यानंतर सरकारांनी बुनियादी तालीमच्या पाट्या हजारो शाळांवर लावल्या. आत टकळ्या धूळ खात आणि मास्तर जुनंच घोकवत. ज्यांच्या नावाने ती योजना ओळखली जायची, त्या झाकीर हुसेन यांनीच जाहीरपणे सांगितलं की या नावाखाली जे चाललं आहे ती फसवणूक आहे. स्वतःच्या कामाचा निकाल असा भर सभेत वाचणारे विद्वान फार नसतात.

३ मे १९६९ रोजी, राष्ट्रपतिपदावर असतानाच, त्यांचा इंतकाल झाला. दफन राजघाटाजवळ झालं नाही, ओखल्याला जामियाच्या आवारात झालं. मुलांच्या मदरशाची घंटा ऐकू येईल इतक्या अंतरावर त्यांचा मजार आहे.