रेइजी ओकाझाकी

रेइजी ओकाझाकी (८ ऑक्टोबर, १९३० – १ ऑगस्ट, १९७५) हे जपानी रेणवीय जीवशास्त्रज्ञ होते. पेशीत डीएनएची प्रत तयार होताना नव्या धाग्यांपैकी एक धागा सलग न बनता लहान लहान तुकड्यांनी बनतो आणि हे तुकडे नंतर एकमेकांना सांधले जातात, हा शोध त्यांनी पत्नी त्सुनेको ओकाझाकी व नागोया विद्यापीठातील सहकाऱ्यांसमवेत लावला. हे तुकडे जीवशास्त्रात ओकाझाकी तुकडे या नावाने ओळखले जातात.

पूर्वायुष्य व शिक्षण

ओकाझाकी यांचा जन्म हिरोशिमा येथे झाला. ऑगस्ट १९४५ मध्ये या शहरावर अणुबाँब टाकण्यात आला तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. ते स्फोटातून बचावले, परंतु किरणोत्साराची बाधा त्यांना झाली. १९५३ मध्ये त्यांनी नागोया विद्यापीठाची पदवी घेतली व तेथेच संशोधनास प्रारंभ केला. १९५६ मध्ये त्यांचा विवाह त्याच विद्यापीठातील संशोधक त्सुनेको यांच्याशी झाला. पुढील सर्व महत्त्वाचे संशोधन या दांपत्याने एकत्रितपणे केले.

१९६० नंतर दोघांनी काही काळ अमेरिकेत काम केले. सेंट लुईस येथे जॅक स्ट्रॉमिंजर यांच्यासमवेत त्यांनी जिवाणूंमधील थायमिडीनयुक्त शर्करा-संयुगांचा अभ्यास केला. त्यानंतर ते स्टॅनफर्ड विद्यापीठात आर्थर कॉर्नबर्ग यांच्या प्रयोगशाळेत गेले. डीएनए पॉलिमरेज या विकराच्या शोधाबद्दल कॉर्नबर्ग यांना १९५९ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. १९६३ मध्ये ओकाझाकी दांपत्य नागोयाला परतले.

संशोधनाची पार्श्वभूमी

डीएनएचे दोन धागे परस्परविरुद्ध दिशांनी मांडलेले असतात, हे १९५३ मध्ये वॉटसन व क्रिक यांच्या प्रतिकृतीने स्पष्ट झाले होते. जॉन केर्न्स यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जिवाणूंच्या डीएनएच्या चित्रांवरून दोन्ही धाग्यांची नक्कल एकाच दुबेळक्यापाशी, एकाच वेळी पुढे सरकते असे दिसत होते. मात्र ज्ञात असलेले पॉलिमरेज विकर नवा धागा केवळ एकाच दिशेने, म्हणजे ५′ टोकाकडून ३′ टोकाकडे वाढवू शकत होते. त्यामुळे एका धाग्याची नक्कल सुलभ होती, परंतु दुसऱ्या धाग्याची नक्कल विरुद्ध दिशेने कशी होते याचा उलगडा होत नव्हता. उलट दिशेने काम करणारे एखादे वेगळे विकर असावे असा तर्क केला जाई, पण तसे विकर सापडत नव्हते.

ओकाझाकी तुकड्यांचा शोध

दुसरा धागा जर मागच्या दिशेने थोडा थोडा विणला जात असेल, तर नुकताच तयार झालेला डीएनए क्षणभर तरी आखूड तुकड्यांच्या रूपात आढळला पाहिजे, हे या संशोधनाचे मुख्य गृहीतक होते. ओकाझाकी यांनी ई. कोलाय जिवाणूंना काही सेकंदांपुरते किरणोत्सारी थायमिडीन पुरवले. प्रक्रिया मंदावावी म्हणून तापमान २० अंश सेल्सियसपर्यंत उतरवले. नंतर अल्कलीच्या साहाय्याने धागे विलग करून साखरेच्या चढत्या घनतेच्या द्रावणात अपकेंद्रणाने त्यांची लांबी तपासली. अत्यल्प काळ पुरवलेले किरणोत्सारी थायमिडीन सुमारे १,००० ते २,००० न्यूक्लिओटाइड लांबीच्या तुकड्यांत आढळले. काळ वाढवताच ते लांब धाग्यांत दिसू लागले.

तुकडे सांधणारे लायगेज हे विकर १९६७ मध्ये निरनिराळ्या प्रयोगशाळांत सापडले होते. ज्यांचे लायगेज सदोष आहे अशा टी४ विषाणूंनी बाधित केलेल्या जिवाणूंमध्ये आखूड तुकडे साचून राहतात, असे ओकाझाकी यांच्या गटाने दाखवले. हे निष्कर्ष १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. या कार्याबद्दल ओकाझाकी यांना १९७० चा आसाही पुरस्कार मिळाला.

प्रायमर व दुरुस्तीविषयक कार्य

पॉलिमरेज नवा धागा आपणहून सुरू करू शकत नाही, ते केवळ असलेला धागा लांबवते. प्रत्येक तुकड्याच्या आरंभी आरएनएचा छोटा अंश असतो, असे निष्कर्ष ओकाझाकी यांच्या गटाने १९७२ मध्ये मांडले. या अंशास प्रायमर म्हणतात. ज्या जिवाणूंमध्ये पॉलिमरेज-१ सदोष असते त्यांत तुकडे फार सावकाश सांधले जातात, हे त्यांनी १९७१ मध्येच दाखवले होते. हेच जिवाणू अतिनील किरणांनाही सहज बळी पडतात. प्रायमर काढून ती जागा भरणे आणि इजा झालेला भाग काढून तेथे नवा डीएनए भरणे, या दोन्ही कामांत पॉलिमरेज-१ व लायगेज यांचा वाटा असतो.

ओकाझाकी यांच्या काही प्रयोगांत जवळजवळ सर्वच नवा डीएनए तुकड्यांत आढळल्याने दोन्ही धागे खंडित रीतीने बनतात काय, असा प्रश्न निर्माण झाला. पुढे असे दिसून आले की डीएनएत चुकून शिरलेला युरॅसिल पेशी कापून काढते व त्यामुळेही काही तुकडे निर्माण होतात. म्हणजेच तुकड्यांचा काही भाग नकलेतून, तर काही दुरुस्तीतून आलेला होता. एक धागा सलग व दुसरा तुकड्यांनी बनतो, हे चित्र त्यानंतर सर्वमान्य झाले.

मृत्यू

अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना १ ऑगस्ट १९७५ रोजी रक्ताच्या कर्करोगाने ओकाझाकी यांचे निधन झाले. त्या वेळी ते ४४ वर्षांचे होते. अणुबाँबमधून बचावलेल्यांमध्ये या रोगाचे प्रमाण वाढलेले आढळले आहे. किरणोत्सारामुळे डीएनएचे धागे तुटतात आणि दुरुस्तीत राहिलेल्या चुका अशा रोगास कारणीभूत ठरू शकतात.

वारसा

पतीच्या निधनानंतर त्सुनेको ओकाझाकी यांनी प्रयोगशाळेचे काम पुढे चालू ठेवले व प्रायमरच्या रचनेचा सविस्तर उलगडा केला. १९८३ मध्ये त्या नागोया विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. २००० मध्ये त्यांना लॉरेआल-युनेस्को पुरस्कार आणि २०२१ मध्ये जपानचा सांस्कृतिक सन्मान प्राप्त झाला. मानवासह सर्व दृश्यकेंद्रकी सजीवांत असे तुकडे तयार होतात. मात्र त्यांची लांबी केवळ १०० ते २०० न्यूक्लिओटाइड इतकी असते.