सुळेभावीचा गंधर्व

बेळगावहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत बसले की थोड्याच वेळात सुळेभावी नावाचे लहानसे स्टेशन लागते. खिडकीजवळ बसलेल्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की, हिंदुस्थानी संगीतात ज्यांच्यावरून दोन पिढ्या वाद घालत राहिल्या त्या कुमार गंधर्वांचा जन्म याच गावात, ८ एप्रिल १९२४ रोजी, झाला. मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. घर लिंगायत, घरातली भाषा कन्नड. पुढे मराठी माणसाने त्यांना आपले मानले, माळव्याने आपले म्हटले आणि बेळगावने आपल्या रंगमंदिराला त्यांचे नाव दिले. याच अंकाच्या कन्नड विभागात कुणी त्यांच्यावर लेख लिहिला असेल तर त्याचा हक्क माझ्याइतकाच, किंबहुना थोडा जास्तच आहे.

वडील स्वतः गात असत. मुलाने कानावर पडलेल्या थोर गवयांच्या तबकड्या जशाच्या तशा गाऊन दाखवायला सुरुवात केली, तेव्हा त्याचे वय सहा-सात वर्षांचे असेल. एका मठाच्या स्वामींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ म्हटले आणि मूळ नाव मागे पडले. मग जलसे, गावोगावचे दौरे, बक्षिसे. अशा बालकलाकारांचे पुढे काय होते हे आपण पाहतोच. आवाज फुटतो, कौतुक आटते आणि नक्कल तेवढी उरते. शिवपुत्राचे तसे झाले नाही, याचे श्रेय मुंबईच्या प्रा. बी. आर. देवधरांना द्यावे लागते. सन १९३६ च्या सुमारास हा मुलगा त्यांच्या संगीत विद्यालयात आला. देवधर एकाच घराण्याला बांधून घेणारे गुरू नव्हते. ते सगळ्यांचे ऐकत, सगळ्यांकडून घेत आणि शिष्यालाही प्रश्न विचारू देत. अंजनीबाई मालपेकरांचीही तालीम कुमारांना मिळाली. नक्कल करणारा मुलगा तेथे विचार करणारा गवई झाला. विशीत पोचेपर्यंत मोठमोठ्या परिषदांत त्यांचे नाव झाले होते.

सन १९४७ मध्ये त्यांचे लग्न भानुमती कंस यांच्याशी झाले. त्याही देवधरांच्याच विद्यालयातल्या. आणि लग्नाच्या पाठोपाठ क्षयाचे निदान झाले. गवयाला क्षय म्हणजे काय, हे समजायला वैद्यकशास्त्र लागत नाही. कोरडी हवा मानवेल म्हणून जानेवारी १९४८ च्या अखेरीस हे जोडपे माळव्यात देवासला गेले. डॉक्टरांचा हुकूम एकच होता: गायचे नाही.

येथे मला थोडे थांबावेसे वाटते. आपल्यापैकी बहुतेकांच्या मोबाईलमध्ये आज गाण्यांच्या याद्या असतात. अभ्यासाची वेगळी, पावसाची वेगळी, मन खट्टू झाले की ऐकायची वेगळी. मनाप्रमाणे गाणे लावायचे आणि नको झाले की पुढे ढकलायचे. देवासच्या त्या खोलीत अंथरुणावर पडलेल्या चोवीस वर्षांच्या तरुणाला अशी निवड नव्हती. जे कानावर येईल ते ऐकायचे. चामुंडेच्या टेकडीकडे जाणाऱ्या वाटेवरून बायका गाणी म्हणत जात. लग्नाची, बाळंतपणाची, सणाची, देवीची. भीक मागणारे जोगी निर्गुणी भजने म्हणत. हे सगळे पाच वर्षे त्यांच्या कानावर पडत राहिले. मोठ्या गवयांच्या बैठकीत ज्याला स्वर म्हणून कुणी मोजले नसते, तो स्वर त्यांनी आजारपणात मोजला.

त्या पाच वर्षांचा जमाखर्च मांडायचा तर जमेच्या बाजूला पहिले नाव भानुमतीबाईंचे येईल. नवऱ्याची शुश्रूषा त्यांनी केली आणि घर चालावे म्हणून शाळेत नोकरीही धरली. स्वतः गाणाऱ्या बाईने आपले गाणे बाजूला ठेवले. कुमारांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण या रकान्यात दोन ओळींपेक्षा अधिक कुणी क्वचितच लिहितो. कॉमर्सचा विद्यार्थी म्हणून मला हे खटकते. ज्या भांडवलावर धंदा उभा राहिला ते ताळेबंदात दाखवायला नको काय?

स्ट्रेप्टोमायसिन हे औषध १९४३ साली अमेरिकेत सापडले होते. आपल्याकडच्या रोग्यांच्या हाती यायला पुढे काही वर्षे गेली. त्याने कुमार वाचले. एक फुप्फुस मात्र जवळजवळ निकामी झाले. सन १९५३ मध्ये ते पुन्हा जाहीर मैफलीत बसले, तेव्हा लोकांना निराळेच गाणे ऐकू आले. लांब दमाच्या ताना नव्हत्या. लहान लहान स्वरवाक्ये, मध्येच एकदम उंच फेकलेला स्वर, मग क्षणभर शांतता. पुष्कळ जाणकारांनी नाके मुरडली. ख्यालाचे तुकडे केले, घराणे नाही, परंपरा मोडली, अशी टीका झाली. दुसरा पक्ष म्हणे की बिचाऱ्याला फुप्फुसच एक, तो दुसरे काय करणार? मला दोन्ही पक्ष अपुरे वाटतात. दम कमी असलेले गवई आणखीही होऊन गेले, त्यांना ही शांतता सापडली नाही. श्वासाच्या मर्यादेने दार दाखवले असेल, पण आत गेले ते कुमारांचे डोके.

अंथरुणावर ऐकलेल्या गाण्यांचा त्यांनी पुढे पद्धतशीर शोध घेतला. माळव्यातील शेकडो लोकगीते जमवली, त्यांची स्वरलिपी केली. त्यातून त्यांचे मत असे झाले की राग कुणी पंडिताने बसून बनवलेला नसतो. तो आधी लोकांच्या धुनेत असतो, चार-पाच स्वरांत दडलेला. शास्त्र त्याला मागाहून ओळखते. अशा धुनांतून त्यांनी स्वतः राग उभे केले. मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी, अहिमोहिनी, मधसुरजा ही त्यांतली काही नावे. त्यांना ते धुनउगम राग म्हणत. सन १९६५ मध्ये मौज प्रकाशनाने त्यांच्या बंदिशींचा ‘अनूपरागविलास’ हा ग्रंथ काढला.

मधसुरजा हा भर दुपारचा राग. त्याच्या बंदिशीत टेकडीवर देवीपुढे बळी द्यायला नेली जाणारी बकरी आहे. घरी पिलू एकटे आहे, मला सोड, अशी तिची आईला, म्हणजे देवीला विनवणी. ख्यालाच्या बंदिशीत पिया, सास, ननद यांची गर्दी असते. तेथे एका बकरीला जागा देणारा हा माणूस. या बंदिशीत कुठेही रडका सूर नाही, आणि म्हणूनच ती ऐकताना अंगावर काटा येतो.

सन १९६१ मध्ये भानुमतीबाई गेल्या. दुसऱ्या मुलाच्या, यशोवर्धनच्या, बाळंतपणात. थोरला मुकुल पाच वर्षांचा होता. ज्या बाईने मृत्यूच्या दारातून नवऱ्याला परत आणले ती अशी अचानक निघून गेली. मधसुरजातील बकरी आणि घरी राहिलेले पिलू ऐकले की मला हे आठवते. अर्थात ही जोडणी माझी आहे. बंदिश रचणाऱ्याच्या मनात ते तसेच होते असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण ऐकणाऱ्याचे दुःख गाण्यात आपली जागा शोधतेच, आणि ती जागा मोकळी ठेवणे हे गवयाचे काम. कुमारांनी ती ठेवली.

या आघातानंतर माणसाने फक्त करुण रागच गायले असते तरी कुणी नाव ठेवले नसते. कुमारांनी तसे केले नाही. पुढच्या वर्षी वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याही देवधरांच्या शिष्या, आणि मैफलीत मागे तंबोरा घेऊन बसण्यापेक्षा कितीतरी अधिक साथ देणाऱ्या. मग कार्यक्रमांची मालिकाच सुरू झाली. ‘गीतवर्षा’ मध्ये त्यांनी पावसाळा उभा केला. नुसते मल्हार एकामागून एक गायले असते तर तो राग-यादीचा कार्यक्रम झाला असता. त्यांनी उन्हाळ्याची काहिली, आभाळाकडे लागलेले डोळे, पहिली सर, लागलेली झड अशा क्रमाने लोकगीते आणि बंदिशी ओवल्या. ‘गीतहेमंत’, ‘गीतवसंत’ त्याच वाटेने आले. सूर, कबीर आणि मीरा यांची ‘त्रिवेणी’ झाली. तुकोबांवर कार्यक्रम झाला. बालगंधर्वांची पदे आपल्याला कशी उमजली हे सांगणारी मैफल झाली. तेव्हा नक्कल ऐकायला आलेल्यांची निराशा झाली असणार, कारण नक्कल त्यांनी देवधरांच्या विद्यालयातच संपवून टाकली होती. गांधीजींच्या जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, त्यांनी गांधी मल्हार हा राग बांधला. हुतात्म्याच्या स्मरणाला शोकाचा राग न निवडता पावसाचा निवडला, हे मला फार मोलाचे वाटते.

आणि निर्गुणी भजने. देवासला शीलनाथांची धुनी आहे, नाथपंथीयांचे ठिकाण. तेथल्या आणि फिरत्या जोग्यांच्या गाण्यातून कबीर त्यांच्याकडे आला. देह सोडून एकटाच उडून जाणारा हंस त्यांनी गायला तेव्हा त्यात विलाप नव्हता, भीतीही नव्हती. आमच्या ओळखीतल्या एका घरी मयतानंतर तेराव्याला कुणीतरी हे भजन लावले होते. बायका रडायच्या थांबल्या, असे मी सांगणार नाही. पण चहाचे कप हातात तसेच राहिले.

मराठी रसिकांनी त्यांना भावगीतांतही ऐकले, आणि ‘देव दीनाघरी धावला’ या नाटकातली त्यांची पदे रेडिओमुळे घरोघरी गेली. ज्यांना ख्याल कळत नाही त्यांना कुमार तेथे भेटले, त्यात कमीपणा काहीच नाही. इंदूरचे संपादक राहुल बारपुते, चित्रकार विष्णू चिंचाळकर, नाटकवाले बाबा डिके हे त्यांचे जिवलग, इकडे पु. ल. देशपांडे, वसंतराव देशपांडे. देवासचे घर कायम माणसांनी भरलेले असे. त्या घराचे नाव ‘भानुकुल’.

सन १९७७ मध्ये पद्मभूषण आणि १९९० मध्ये पद्मविभूषण मिळाले. १२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथेच ते गेले. मुलगा मुकुल शिवपुत्र याने आपल्या नावात आजीआजोबांनी ठेवलेले ते जुने नाव जपले. मुलगी कलापिनी आणि नातू भुवनेश गाऊ लागले. ‘अनूपरागविलास’चा दुसरा भाग छापून आला तो कुमारांच्या पश्चात.