बाबा पदमनजी : लेखणीचा साक्षीदार

मराठी कादंबरीचा इतिहास चाळू लागलात तर पहिल्याच पानावर एका ख्रिस्ती लेखकाचे नाव आढळते. ‘यमुनापर्यटन’ हे पुस्तक १८५७ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा बाबा पदमनजी केवळ २६ वर्षांचे होते. हे नाव आपल्या मंडळ्यांतून अभिमानाने घेतले जाते. परंतु हा तरुण काय वाचत होता, कशाने अस्वस्थ होत होता आणि कथा लिहिण्याची गरज त्याला का भासली, याचा विचार आपण क्वचितच करतो. आज तोच विचार आपण एकत्र करू या.

बाबांचा जन्म १८३१ साली बेळगाव येथे, कासार समाजातील एका सुस्थितीतील व धर्मनिष्ठ कुटुंबात झाला. घरात व्रते, उपवास, तीर्थयात्रा यांचे वातावरण होते. श्रीधरांच्या पोथ्या त्या काळी घरोघरी वाचल्या जात आणि घरातील स्त्रिया, मुले, वृद्ध सारे त्या ऐकत. कथा सांगता सांगता मनाला वळण लावण्याची रीत मराठी मुलाला या पोथ्यांतूनच कळत असे. पुढे बाबांचे मत बदलले, पण ही रीत त्यांनी सोडली नाही. वाचकहो, जुने जीवन मागे टाकलेल्या माणसाच्या हातीही देव पूर्वीचीच हत्यारे नव्या कामासाठी देतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

बेळगावच्या मिशन शाळेत आणि नंतर मुंबईत स्कॉटिश मिशनच्या विद्यालयात बाबांचे शिक्षण झाले. मुंबईचा तो काळ विचारमंथनाचा होता. १८४१ पासून ‘प्रभाकर’ आणि १८४२ पासून ‘ज्ञानोदय’ ही पत्रे निघू लागली होती. ‘प्रभाकरा’तून १८४८ पासून लोकहितवादींची पत्रे येऊ लागली. बन्यनच्या ‘यात्रेकरू’ची कथा हरी केशवजींनी १८४१ साली मराठीत आणली होती. प्रवासाच्या निमित्ताने आत्म्याची वाटचाल दाखवता येते, ही गोष्ट अशा रीतीने मराठी वाचकाला आधीच ठाऊक झाली होती. पोथी, वृत्तपत्र, मिशनचे पुस्तक आणि पवित्र शास्त्र, असे चार प्रवाह या तरुण पिढीच्या वाचनात एकत्र आले होते.

याच सुमारास मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. जातिभेद व मूर्तिपूजा न मानणाऱ्या सुशिक्षितांची ही सभा गुप्तपणे चाले. बंद दाराआड सर्वांनी एकत्र खावे, आणि दार उघडून बाहेर पडताच प्रत्येकाने आपल्या जातीच्या नियमांत परतावे, असा तिचा क्रम होता. बाबाही या सभेत होते. परंतु आत एक आणि बाहेर एक हे दुहेरी जीवन त्यांना सोसवेना. ३ सप्टेंबर १८५४ रोजी बेळगाव येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी याची किंमत काय होती, हे आज आपल्याला नीट उमगत नाही. जात गेली, घरची पंगत गेली, आप्तांच्या मनाला जखम झाली. उघड कबुली देणारा मनुष्य एका दिवसात परका होत असे.

वाचकहो, ही घटना ध्यानात ठेवूनच ‘यमुनापर्यटन’ हाती घ्यावे. यमुना आणि विनायक हे दांपत्य मनाने ख्रिस्ताकडे वळलेले, पण अद्याप जाहीर कबुली न दिलेले असे आहे. पतिपत्नी प्रवासाला निघतात आणि गावोगावी, तीर्थक्षेत्री त्यांना विधवा भेटतात. केशवपन, उपासमार, अपमान, फसवणूक यांच्या कहाण्या एकामागून एक उलगडत जातात. मग प्रवासात विनायकाला मृत्यू येतो, आणि आजवर इतरांची दुःखे ऐकणारी यमुना स्वतःच त्या पंक्तीत जाऊन बसते. अखेर ती उघडपणे ख्रिस्ती होते व पुनर्विवाह करते. जे दार लेखकाने स्वतः तीन वर्षांपूर्वी उघडले होते, तेच त्याची नायिका उघडते.

लेखनाची ही पद्धत पाहा. विधवाविवाहास मान्यता देणारा कायदा १८५६ साली झाला होता. तेव्हा बाबांनी आणखी एक निबंध लिहिला असता तर ते स्वाभाविकच होते, कारण स्त्रीशिक्षणावरील त्यांचा निबंध १८५२ सालचा आहे. परंतु कायदा कागदावर असतो आणि दुःख माजघरात असते. माजघरात निबंधाला प्रवेश नव्हता, कथेला होता. म्हणून त्यांनी समाजात दिसणारी दुःखे गोळा केली आणि प्रवासाच्या एका सूत्रात ओवली.

या पुस्तकात दोष नाहीत असे नाही. कित्येक ठिकाणी पात्रे बोलायची थांबतात आणि उपदेशकच बोलू लागतो, वादविवाद लांबतात, यमुनेच्या मनातले द्वंद्व हवे तेवढे उलगडत नाही. आपण प्रेमापोटी हे झाकू नये. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात येऊ लागली. तिची नायिकाही यमूच आहे, आणि तिच्यावरही वैधव्य व केशवपन ओढवते. कलेच्या दृष्टीने हरिभाऊंची यमू निश्चितच सरस आहे. पण ३३ वर्षे आधी त्या वाटेवर पहिले पाऊल कोणी टाकले, हेही विसरता कामा नये.

अन्य भाषांतही असेच घडत होते. नझीर अहमद यांनी १८६९ साली ‘मिरात-उल-उरूस’ ही उर्दू कादंबरी प्रसिद्ध केली, तीही मुलींच्या शिक्षणाचा हेतू मनी धरून. पुढे त्यांनी कुराणाचे उर्दू भाषांतर केले. बाबांनी कोशकार्य केले, नव्या करारावर टीका लिहिली. दोन धर्मांचे हे दोन लेखक. पण धर्मग्रंथाची भाषा आणि घरातील भाषा यांमधील अंतर दोघांनाही जाणवले, हे उघड आहे.

त्या कोशकार्याविषयी मला विशेष आपुलकी वाटते, कारण माझे आयुष्य शास्त्राच्या भाषांतरात गेले आहे. मोल्सवर्थ यांचा मराठी कोश प्रथम १८३१ साली, म्हणजे बाबांच्या जन्मवर्षी निघाला, आणि त्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली, ‘यमुनापर्यटना’च्या वर्षी. या कोशाचा संक्षेप बाबांनी १८६३ साली सिद्ध केला. एवढा कोश संक्षिप्त करायचा म्हणजे प्रत्येक शब्द तोलायचा, ठेवायचा किंवा गाळायचा. एका शब्दासाठी दिवस खर्ची घातलेल्या माणसालाच त्या कामातील तप कळेल.

पुढे काही काळ ते पुण्यात पाळक होते. परंतु त्यांचे खरे व्यासपीठ लेखणीच राहिले. नियतकालिकांचे संपादन, पत्रिका, भाष्ये असे विपुल लेखन त्यांनी केले. १८८८ साली ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र लिहून त्यांनी आपल्या श्रद्धेच्या प्रवासाचा हिशेब वाचकांपुढे ठेवला. २९ ऑगस्ट १९०६ रोजी त्यांचे देहावसान झाले.

वाचकहो, आता स्वतःला विचारा. आपल्या घरात पवित्र शास्त्राखेरीज मराठी पुस्तके किती आहेत? शेजाऱ्याच्या घरातील दुःख त्याच्याच भाषेत समजून घ्यावे, असे आपल्याला वाटते काय? आपल्या मंडळीतील एखादा तरुण गोष्ट लिहू लागला, तर तो वेळ वाया घालवतो असे आपण म्हणतो, की त्याच्या हाती एक चांगले पुस्तक देतो? बाबांनी ज्या कबुलीसाठी घर गमावले, ती आपल्याला वारशाने मिळाली. ती बंद दाराआड ठेवायची की शब्दांतून बाहेर न्यायची, हे आपल्या हाती आहे. प्रभू आपल्याला वाचणारे डोळे आणि निर्भय लेखणी देवो.