पंडिता रमाबाई यांची साधी मराठी

आमच्या सिरसाळ्यापासून अंबाजोगाई फार दूर नाहीं. मुकुंदराज कवींची समाधि तेथें दाखवितात. वेदान्तासारखा अवघड विषय मराठींत सांगणारा त्यांचा विवेकसिंधु हा ग्रंथ शके 1110 मधील, असें परंपरा मानते. विद्वानानें आपली विद्या कोणत्या शब्दांत सांगावी, हा प्रश्न या भागांत असा फार जुना आहे. सुमारें सातशें वर्षांनीं तो पंडिता रमाबाई यांच्यापुढें आला, आणि त्याचें उत्तर देण्यांत त्यांच्या आयुष्याचीं शेवटचीं वर्षें खर्च झालीं.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजीं झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृतज्ञ. स्त्रियांस संस्कृत शिकवूं नये अशा त्या काळीं त्यांनीं पत्नी लक्ष्मीबाई यांस ती विद्या दिली, आणि लक्ष्मीबाईंनीं ती मुलीस दिली. एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थास जावें, देवळांत पुराण सांगावें, मिळेल तें खावें, असा त्या कुटुंबाचा क्रम होता. दुष्काळांत आईबाप व बहीण निवर्तलीं. भाऊ श्रीनिवास यांच्याबरोबर हिंडत रमाबाई 1878 सालीं कलकत्त्यास पोंचल्या. तेथील विद्वानांनीं त्यांची परीक्षा पाहून त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. म्हणजे संस्कृत शब्द ही त्यांची मिळकतच होती. दुसरें धन त्यांच्यापाशीं नव्हतें. ज्याला जड शब्द येतच नाहींत त्यानें सोपें लिहिणें निराळें, आणि ज्याच्या जिभेवर ते नाचतात त्यानें ते आवरणें निराळें.

1880 सालीं त्यांचा विवाह बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशीं झाला. 1882 सालीं त्या विधवा झाल्या. लहान मुलगी मनोरमा हिला घेऊन त्या पुण्यास आल्या, व त्याच वर्षीं त्यांचें स्त्रीधर्मनीति हें पुस्तक निघालें. तें स्त्रियांसाठीं लिहिलेलें, पण त्याची भाषा पंडितांची. ज्या बाईला अक्षरओळखही नुकतीच झाली, तिनें तें कसें वाचावें? पुढें 1883 सालीं इंग्लंडांत त्यांचा बाप्तिस्मा झाला. नंतर त्या अमेरिकेस गेल्या. 1889 सालीं त्यांनीं मुंबईस शारदासदन काढलें. या गोष्टी बहुतेकांस ठाऊक आहेत.

1896 नंतरच्या दुष्काळांनीं मात्र त्यांच्यापुढें निराळाच श्रोतृवर्ग आणून बसविला. केडगांवच्या मुक्तिसदनांत शेंकडों मुली व विधवा आल्या, त्यांतील पुष्कळ खेड्यांतल्या. त्यांस भूक हा शब्द फार चांगला कळे. क्षुधा कळत नसे. मराठींत पवित्र शास्त्र तेव्हां होतें, परंतु रमाबाईंचा त्याच्या भाषेवर दुहेरी आक्षेप होता. संस्कृत शब्दांची त्यांत गर्दी, हा एक. दुसरा अधिक खोल. अनेक शब्द जुन्या तत्त्वज्ञानांतून आलेले, आणि ते आपला पूर्वीचा अर्थ बरोबर घेऊन येत. मोक्ष हा शब्द लहान आहे, उच्चारावयास सोपा आहे. पण ऐकणाऱ्याच्या मनांत जन्ममरणाचा फेरा उभा राहतो. हें ओळखावयास संस्कृत पुरतें येणारें माणूसच पाहिजे होतें.

म्हणून प्रौढ वयांत त्या इब्री व ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांवरून स्वतः भाषांतर करूं लागल्या. केडगांवीं छापखाना घातला. खिळे जुळविणें, छापणें, बांधणी करणें हीं कामें तेथील स्त्रियाच करीत. शब्द जुळविणारी मुलगीच त्याची पहिली वाचक. तिला तो कळला नाहीं तर तें पुढें कोणासाठीं छापावयाचें?

माझ्या मतें बाईंचा आग्रह कोठें कोठें अतिरेकास गेला. मूळास घट्ट धरल्यामुळें वाक्य मधेंच अडखळतें. शिवाय दया, कृपा, पाप हे शब्दही संस्कृतच. पण ते अभंगांतून व जात्यावरच्या ओव्यांतून निरक्षर बाईच्याही तोंडीं कधींचे बसले आहेत. शब्द कोठून आला यापेक्षां तो कोणाच्या तोंडीं आहे, हें पाहिलें पाहिजे. आणि मंडळ्यांत त्यांच्या भाषांतराचा प्रसारही फारसा झाला नाहीं. तेथें बायबल सोसायटीचेंच भाषांतर चालत राहिलें.

तरी त्यांनीं हातचें काम टाकलें नाहीं. 1921 सालीं मनोरमाबाई वारल्या. एकुलती एक मुलगी, आणि संस्थेच्या कामांतला उजवा हात. त्यानंतरही ऐकूं न येणारी, थकलेली ही माता मुद्रितें तपासीत बसे. 5 एप्रिल 1922 रोजीं त्यांचा अंत झाला, आणि संपूर्ण पवित्र शास्त्र केडगांवच्या छापखान्यांतून 1924 सालीं बाहेर पडलें.