फादर थॉमस स्टीफन्स : साष्टीचा कारभार आणि ईशज्ञानाची ओढ

मराठी वाङ्मयेतिहासाने फादर थॉमस स्टीफन्स यांना एका उताऱ्यापुरते जवळ केले आहे. मराठी भाषेच्या थोरवीचा तो उतारा पाठ्यपुस्तकांतून आणि सभासमारंभांतून इतका फिरला आहे की, 10,962 ओव्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’तील उरलेला सारा मजकूर जणू त्या काही ओव्यांची पुरवणी असावी. एम. ए.च्या वर्गात हा ग्रंथ शिकवताना प्रस्तुत लेखकानेही काही वर्षे हेच केले, हे कबूल करणे भाग आहे. परंतु भाषेवर लुब्ध झालेला परदेशी पंडित ही स्टीफन्स यांची प्रतिमा अर्धीच खरी आहे. ते मुळात धर्मसंस्थेच्या दैनंदिन कारभारात गुंतलेले अधिकारी होते. युरोपात ज्याला थिऑलॉजी म्हणतात त्या ईशज्ञानाकडे ते उतारवयात परतले आणि ते परतणे मराठीत झाले, असे त्यांचे चरित्र पुन्हा वाचताना जाणवते.

त्यांचा जन्म 1549च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात झाला. वडील लंडनमधील व्यापारी. एलिझाबेथ राणीच्या राजवटीत रोमन कॅथलिक पंथ आचरणे धोक्याचे झाले होते. थॉमस पाऊंड नावाच्या मित्राबरोबर रोमला जाऊन येशूसंघात दाखल व्हावे, असा स्टीफन्स यांचा बेत होता. पण पाऊंड पकडला गेला आणि तुरुंगात पडला. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि 1575मध्ये त्यांनी संघात प्रवेश केला. 4 एप्रिल 1579 रोजी लिस्बनहून निघालेले त्यांचे जहाज 24 ऑक्टोबरला गोव्यास लागले. पुढे काही दिवसांतच त्यांनी वडिलांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. वारे, होकायंत्र, समुद्रपक्षी, मासे, पूर्व-पश्चिम अंतर मोजण्यातील अडचण हे सारे त्यात उत्सुकतेने नोंदले आहे. पत्र लिहिणारा तरुण संन्यासी असला तरी त्याची नजर निसर्गशोधकाची आहे.

येथे थोडा हिशेब करणे उपयुक्त ठरेल. संघप्रवेश 1575चा, गुरुदीक्षा 1580ची. मधल्या पाच वर्षांतून नवशिक्यांचा परीक्षाकाळ आणि साडेसहा महिन्यांचा सागरप्रवास वजा केला तर अध्ययनासाठी उरतो तो अवधी फारच थोडा. येशूसंघातील तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांचा पूर्ण अभ्यासक्रम दीर्घ मुदतीचा असे. स्टीफन्स यांच्या वाट्याला ईशज्ञान आले ते घाईने, कामावर रुजू होण्यापुरते. या तुटलेल्या अभ्यासाची रुखरुख त्यांना होती की नाही हे कागदोपत्री सिद्ध करता येत नाही. परंतु ‘ख्रिस्तपुराण’ वाचताना त्या रुखरुखीची शंका मला वारंवार आली आहे.

दीक्षेनंतर त्यांच्यावर जबाबदाऱ्या येत गेल्या त्या व्यवस्थापनाच्या. गोव्याच्या संघनिवासातील कारभार, साष्टीच्या विद्यालयाचे प्रमुखपद, काही काळ संघाच्या पाहणी अधिकाऱ्याचे साहाय्यक आणि त्यानंतर मडगाव व आसपासच्या गावांतील चर्चची देखभाल अशी सुमारे चार दशके गेली. साष्टी हा शांत प्रदेश नव्हता. 1567मध्ये पोर्तुगीज सत्तेने तेथील देवळे पाडली होती आणि लोकांच्या मनातील जखम ओली होती. जुलै 1583मध्ये कुंकळ्ळी येथे रोदोल्फ आक्वाविवा आणि त्यांचे चार संघबंधू ग्रामस्थांकडून मारले गेले. पुढे कुंकळ्ळीच्या गावकरांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळणे येथील किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. पहिल्या घटनेचे स्मरण चर्चने जपले, दुसरीचे गावाने. साष्टीत काम करणाऱ्या स्टीफन्स यांना या दोन्ही स्मरणांच्या मधोमध वावरावे लागले.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी पॅरिसमधील भावाला, रिचर्डला, पत्र लिहिले. पत्रात कुंकळ्ळीचा वृत्तान्त आहे. पण त्याच पत्रात या देशातील भाषांची घडण लॅटिन व ग्रीक भाषांशी जुळते, असे निरीक्षणही आहे. विल्यम जोन्स यांच्या प्रसिद्ध व्याख्यानापूर्वी दोनशेहून अधिक वर्षे हे लिहिले गेले, म्हणून भाषाभ्यासक त्याची दखल घेतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. सहकाऱ्यांच्या मृत्यूचे ओझे वाहणारा, हिशेब आणि तंटे यांत अडकलेला हा माणूस कारभाराच्या फटीतून दुसरीकडे काहीतरी शोधतो आहे.

पुढील पाव शतकात या शोधाचा माग फारसा लागत नाही. तो पुन्हा लागतो 1608च्या पत्रात. संघाचे जनरल क्लाउदियो आक्वाविवा यांच्याकडे स्टीफन्स यांनी देशी लिपीत ग्रंथ छापण्याची परवानगी मागितली. युरोपीय वर्णमालेला 24 साचे पुरतात, येथे सुमारे 600 लागतील, ही अडचणही त्यांनी मोजून मांडली. मागणी एका व्यवस्थापकाच्या काटेकोर भाषेत आहे. पण तिच्यामागे दीर्घकाळ मनात घोळणारी इच्छा आहे, हे वाचणाऱ्याच्या लक्षात येते. देशी टंक झाले नाहीत. 1616मध्ये रायतूर येथे ग्रंथ छापला गेला तो रोमन लिपीत. तेव्हा कर्त्याचे वय सदुसष्टच्या आसपास होते.

या ग्रंथाची चौकट लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. साष्टीतील नवख्रिस्ती चर्चमध्ये प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षण घेतात. त्यांच्यातील एक ब्राह्मण गुरूला विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही काढून घेतलीत, तर त्यांच्या जागी दुसरे एखादे का देत नाही? हा प्रश्न साधा नाही. ज्याने पुराणे काढून घेणाऱ्या व्यवस्थेचा कारभार चालवला, त्यानेच तो आपल्या श्रोत्याच्या तोंडी घातला आहे. प्रश्नोत्तरांची पोथी कारभाराला पुरेशी होती. पाठ झाले की नाही, हे तीवरून तपासता येते. श्रोत्यांनी मागितले ते आख्यान. आख्यान म्हटले की ‘का’ आला. ईश्वर सर्वज्ञ असता आदामाला पडू का दिले, तारक येण्यास इतका काळ का लागला, अशा प्रश्नांना रोमच्या शाळेत तयार उत्तरे होती. साष्टीच्या श्रोत्यांपुढे ती नव्याने शोधावी लागणार होती. पहिल्या पुराणातील 36 प्रसंगांत जगाच्या निर्मितीपासून तारकाच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा आहे, दुसऱ्यातील 59 प्रसंगांत ख्रिस्तचरित्र. काव्य म्हणून दुसरे अधिक रसाळ आहे. ईशज्ञानाच्या दृष्टीने मात्र पहिले मला अधिक मोलाचे वाटते.

शब्दयोजनेतही हे दिसते. स्वर्गासाठी ते वैकुंठ हा शब्द घेतात. घर तेच ठेवून घरधनी बदलायचा, हे धाडस केवळ भाषांतरकाराचे नाही. शब्द किती अर्थ पेलू शकतो आणि कोठे मोडतो, याचा निर्णय घेणाऱ्या विचारवंताचे आहे. संस्कारांची नावे मात्र ते पोर्तुगीज-लॅटिनच ठेवतात. दोन्ही निवडींमागे एकच काळजी असावी. ओवीचा छंद, आरंभीचे वंदन, गुरू-श्रोत्याचा संवाद हे ज्ञानेश्वर-एकनाथांच्या परंपरेतून आले, हे अनेकांनी दाखवले आहे. त्या परंपरेत तत्त्वचिंतन आणि भक्ती यांची फारकत नव्हती, याचा स्टीफन्स यांना किती उपयोग झाला, याचा विचार कमी झाला.

यावर एक आक्षेप रास्त आहे. हा ग्रंथ धर्मांतराच्या यंत्रणेचाच भाग होता, त्यात आत्मशोध कसला? यंत्रणेचा भाग तो होताच. तो चर्चच्या अनुमतीने निघाला आणि सत्तेच्या छायेत वाचला गेला. पण यंत्रणेला दहा हजारांवर ओव्यांची गरज नव्हती. ‘दौत्रिन क्रिस्तां’ ही त्यांनी कोकणीत रचलेली प्रश्नोत्तरी 1622मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, निघाली. नित्याचे काम तेवढ्याने भागत होते. गरजेपलीकडे जे लिहिले गेले, तेथे लेखक शोधावा लागतो.

1619मध्ये स्टीफन्स गोव्यात निवर्तले. त्यांचे कोकणीचे व्याकरण 1640मध्ये छापले गेले. पुराणाच्या 1649 व 1654 या सालांच्या आवृत्त्या झाल्या. पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आजवर हाती लागलेली नाही. 1684मध्ये पोर्तुगीज सत्तेने देशी भाषांच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. तरी ग्रंथ टिकला. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या हस्तलिखित प्रती सांभाळल्या आणि त्यांच्याच आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी 1907मध्ये आपली आवृत्ती सिद्ध केली. लंडनमधील मार्सडन संग्रहात देवनागरी लिपीतले एक हस्तलिखित आहे. त्यात पोर्तुगीज शब्दांच्या जागी संस्कृत वळणाचे शब्द आढळतात. हे बदल कोणाचे, स्टीफन्स यांचे की नंतरच्या एखाद्या वाचकाचे, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.